माझे शब्द, भावाचे कप्पे

सुरुवात कोथिंबिरीवरून झाली. माझी मुलगी लग्न होऊन नवीनच पुण्याला गेली होती. तिने भाजीवाल्याकडे दहा रुपयांचा सांबार मागितला. भाजीवाल्याने तिला नीट न्याहाळलं आणि सांगितलं, "ताई, तो समोरच्या हॉटेलात मिळेल. इडलीबरोबर." आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? तिने हसत हसत ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा माझा धाकटा भाऊ अमरावतीला राजापेठेतल्या माझ्या घरी चहा पीत बसला होता. तोही हसला. मग कप खाली ठेवून एकदम गंभीर झाला.

"हे शब्द आपल्यासंगच जातीन व बाई," तो म्हणाला. "लिहून ठेवले पायजे."

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. भाऊ अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल होता. दोघंही निवृत्त, दोघांकडेही वेळ, आणि दोघांचीही पक्की समजूत की आपल्याशिवाय हे काम दुसऱ्याला जमायचं नाही. त्याच दिवशी ठरलं की वऱ्हाडी शब्दांचा संग्रह करायचा. शब्द मी लिहायचे, कारण मला लिहायची सवय. लावून ठेवायचे त्याने, कारण त्याला लावून ठेवण्याशिवाय दुसरं काही येतच नाही, असं माझं मत. ते मी त्या दिवशी बोलून दाखवलं नाही.

पहिले दोन महिने आम्ही फोनवरून एकमेकांना फाइली पाठवत होतो. मी "शब्द-नवे" पाठवली की त्याच्याकडून "शब्द-नवे-दुरुस्त" यायची. त्यावर मी "शब्द-शेवटचे" केली. त्याने उत्तरादाखल "शब्द-शेवटचे-खरे" केली. या सगळ्यात माझी भेदरं हरवली. भेदरं म्हणजे टमाटे. त्यांच्याबद्दल मी चांगलं अर्धं पान लिहिलं होतं आणि ते कोणत्याच फाइलीत सापडेना. भाऊ म्हणाला, मी काढलं नाही. मी म्हणाले, मग भेदरं काय सडली?

संक्रांतीच्या सुटीत मुलगी घरी आली तेव्हा हे भांडण तिच्यापुढे गेलं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोघांची बाजू ऐकून घेऊन ती म्हणाली, "तुम्हाला व्हर्जन कंट्रोल पाहिजे."

तिने समजावून सांगितलं ते असं. एक सामायिक जागा असते. आपण आपल्या लॅपटॉपवर काम करायचं आणि झालेलं त्या जागेत पाठवायचं. दुसऱ्याने तिथून आपल्याकडे ओढून घ्यायचं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते. जुनं काही हरवत नाही. आणि भांडायला जागा उरत नाही, असंही ती म्हणाली होती.

त्या सामायिक जागेला तिच्या भाषेत मोठं इंग्रजी नाव होतं. भावाने तिचं नाव कोठी ठेवलं. आमच्या बोलीत 'कोठी' म्हणजे 'कुठे' असाही अर्थ होतो, आणि पुढचे सहा-सात महिने आम्हा दोघांचे त्याच प्रश्नात गेले.

मुलीने भावाचाही लॅपटॉप आणायला लावला आणि दिवसभर बसून दोन्हीकडे सगळं बसवून दिलं. रोजच्या कामाची नोंद ठेवायला तिने आम्हाला एकेक रोजनिशीची फाइल करून दिली. माझ्या फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरात 'बाई', त्याच्या फाइलीचं 'भाऊ'. त्या दोन्ही तिने स्वतः कोठीत घातल्या. मग रोज काय टाइप करायचं त्याची चिठ्ठी लिहून दिली. आधी दुसऱ्याचं ओढून घ्यायचं, मग आपलं काम पक्कं करायचं, मग पाठवायचं, आणि शेवटी सगळं ठीक आहे ना ते विचारायचं. चार ओळी. ती अजून काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात भावाने तिच्याशी वाद काढला की संग्रहात आधी विभाग पाहिजेत की आधी शब्द, आणि मी स्वयंपाकघरात गेले, कारण हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलेली आहे.

तो काय प्रकार होता ते सांगते. शाळा सुरू व्हायच्या आधी भाऊ सगळ्या वह्यांना खाकी कव्हरं घालायचा. कोपरे दुमडून, डिंक लावून, उशाखाली दाबून. त्यावर लेबलं, लेबलांवर लाल शाईने विषय आणि निळ्या शाईने नाव. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या वह्या दाखवायचे. वर्ष संपताना त्या तितक्याच कोऱ्या असायच्या. तो मात्र माझ्याबद्दल सांगतो की मी सुरू केलेला एकही स्वेटर कधी दुसऱ्या बाहीपर्यंत पोचला नाही. तेही खरं आहे.

मुलगी पुण्याला परतली आणि आम्ही कामाला लागलो.

मी मन लावून लिहीत होते. सकाळी बाजारात जायचं, भाजीवाल्या बायांजवळ बसायचं, फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, घेता घेता चार शब्द काढून घ्यायचे. एक बाई मला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी भाजी घेऊन राहिल्या का परीक्षा घेऊन राहिल्या?" वरूडला माझी मावसबहीण राहते, तिचा संत्र्याचा बगीचा आहे. तिच्याकडे चार दिवस राहिले. संत्री भरणाऱ्या बायांच्या मधे पोत्यावर बसून वही भरून आणली. वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, उलंगवाडी म्हणजे हंगामाचा शेवट. घरी येऊन प्रत्येक विषयाची वेगळी फाइल केली. 'स्वयंपाक', 'शेती', 'शरीर', 'नाती'. फाइलींची नावं शुद्ध मराठीत, देवनागरीत. रोज संध्याकाळी चिठ्ठीत पाहून चार ओळी टाइप करायच्या, आणि रोजनिशीत लिहायचं, 'आज स्वयंपाकाचे बावीस शब्द झाले. वाचून कळवावे.'

भाऊ काही कळवेना.

त्याच्याकडून रोज फक्त त्याची रोजनिशी यायची. तिच्यात लिहिलेलं असायचं, 'आज शेती विभाग उभा केला. आठ उपविभाग. कृपया पाहावे.' मी पाहायची. काही नसायचं. विभाग नाही, उपविभाग नाही. दुसऱ्या दिवशी, 'आज शरीर विभाग. डोके ते टाच क्रमाने. कृपया पाहावे.' डोकंही नाही, टाचही नाही.

मला वाटलं, झालं. खाकी कव्हरंसुद्धा घालायचं सोडलं यानं. नुसतंच सांगतो आहे.

होळीपर्यंत मी दम धरला. मग रोजनिशीत लिहिलं, 'आज नात्यांचे एकोणीस शब्द झाले. ज्यांना वाचायची इच्छा असेल त्यांनी वाचावे.'

दुसऱ्या दिवशी त्याची नोंद आली, 'आज नाती विभाग उभा केला. माहेर, सासर असे दोन भाग. शब्द येतील तेव्हा ठेवता येतील.'

'येतील तेव्हा' या दोन शब्दांनी माझ्या अंगाची आग झाली. मी फोन लावला.

"माह्या फाइली उघडून पाह्यल्या का तू?"

"उघडाले असल्या त उघडीन ना."

"म्हंजे?"

"म्हंजे काही नाही. तब्येत कशी हाय तुही?"

"माही तब्येत चांगली हाय. तुया विभागाची कशी हाय?"

"माहे विभाग मजबूत हायेत," तो म्हणाला. "तुले दिसत नसतीन त डोये तपासून घे."

त्यानंतर आम्ही या विषयावर फोनवर बोललो नाही. उन्हाळाभर बोललो ते फक्त उन्हाबद्दल. अकोल्याचं ऊन अमरावतीपेक्षा जास्त, हे त्याला दरवर्षी आपलं कर्तृत्व वाटतं. पण रोजनिश्या चालू होत्या. मी लिहायची, 'आज वीस शब्द. काही लोक नुसत्या रिकाम्या गोष्टी करतात, तसे नाही.' तो लिहायचा, 'आज सण विभाग. काही लोकांना सांगण्याची घाई असते, करण्याची नसते.' मुलगी अधूनमधून विचारायची, "आई, चाललंय ना तुमचं?" मी म्हणायची, "माझं चाललंय." मामाची चुगली लेकीजवळ करायची नाही, एवढी मर्यादा मी पाळली.

मनातलं मात्र कुठेतरी निघायलाच हवं होतं. आषाढात एका दुपारी मी एक नवीन फाइल उघडली आणि भावाला पत्र लिहिलं. पाठवायचं नव्हतंच. शाळेत मी मुलींना सांगायची, राग आला की लिहा आणि फाडून टाका. मी लिहिलं, पण फाइल फाडता येत नाही म्हणून ती शब्दांच्याच फोल्डरात तशीच राहिली. त्या पत्रात मी त्याला हेकोडा म्हटलं होतं, बयताड म्हटलं होतं. कोऱ्या वह्यांपासून सगळं काढलं होतं. आणि लिहिता लिहिता आईच्या शेवटच्या आजारपणावर आले होते. तेव्हा त्याने औषधांचं कपाट इतकं सुरेख लावलं होतं, सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा चिठ्ठ्या लावून, की डॉक्टरांनीही कौतुक केलं. पण मायच्या उशागती तू एक दिवस बसला नाहीस, असं मी लिहिलं. ते वाक्य लिहून झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

राखी आली. दरवर्षीप्रमाणे मी सकाळच्या एसटीने अकोल्याला निघाले. पिशवीत राखी, भावजयीसाठी साडी, आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. या वेळी पुरावा घेऊनच जायचं मी ठरवलं होतं. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात चार-पाच चांगली वाक्यं तयार झाली.

औक्षण झालं. राखी बांधली. भावाने वाकून माझ्या पायाला हात लावला आणि सरळ उठून आतल्या खोलीत गेला. मला वाटलं ओवाळणी आणायला गेला. तो त्याचा लॅपटॉप घेऊन आला.

"आता तुले दाखवतोच," तो म्हणाला.

मी पिशवीतून माझा काढला.

भावजय पाटाजवळचं निरांजन उचलत होती. ती बरीच वर्षं टायपिंगचा क्लास चालवायची. बोटं जागच्या जागी न ठेवणाऱ्यांचा तिला मनापासून राग येतो आणि आम्ही दोघंही त्यातले. तिने दोन्ही लॅपटॉपांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सणाच्या दिवशी कोर्ट भरवून राहिले का तुमी दोघं?"

टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. त्याच्यावर विभाग दिसत होते. खरोखरच होते. शेती, शरीर, नाती, सण, स्वयंपाक, आणि प्रत्येकाच्या आत उपविभाग, त्यांच्या आत आणखी. एकूण सदतीस. माझ्यावर फाइली होत्या, एकेकीत शंभर-शंभर शब्द. तो माझ्या पडद्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्या.

"हे तू कवा केलं?" त्याने विचारलं.

"मी जानेवारीपासून करून राहिली. तू हे कवा केलं?"

"मी बी जानेवारीपासूनच."

"मंग मले दिसून काहून नाही राहिले?"

"अन् मले काहून नाही?"

नंतर कळलं की दोघांच्याही मनात एकच शंका आली होती, की समोरच्याने हे सगळं काल एका दिवसात केलं असावं. ती बोलून दाखवण्याआधीच भावजयीने पुण्याला फोन लावला आणि मुलीला पडद्यावर बोलावलं.

मुलीने मला शेवटची ओळ टाइप करायला सांगितली, सगळं ठीक आहे ना ते विचारायची. मी केली. रोजच्यासारख्याच लाल रंगात आकड्यांच्या ओळी आल्या. तीनशे चाळीस, दोनशे चव्वेचाळीस, मधे तिरप्या रेघा, पुन्हा तीनशे चाळीस.

"आई, हे रोज येतं?"

"रोज येतं. त्याचा आतला काही हिशेब असेल म्हणून मी त्यात पडत नाही."

मुलीने डोळे मिटले. "आई, ती तुझ्या फाइलींची नावं आहेत. त्याला देवनागरी नीट दाखवता येत नाही, म्हणून आकडे दिसतात. आणि लाल आहेत कारण तो सांगतोय की या फाइली इथे आहेत, पण मला कोणी दिलेल्या नाहीत."

"दिलेल्या नाहीत म्हणजे? त्याच्याच फोल्डरात आहेत ना?"

"नवीन फाइल केली की ती आधी अ‍ॅड करायची असते. अमुक फाइल आता तुझ्या ताब्यात, असं त्याला एकदा सांगायचं. नाहीतर तो तिला हात लावत नाही. रोजनिशी मी अ‍ॅड केली होती, म्हणून तीच जात राहिली."

म्हणजे सात महिने माझ्याकडून भावाला फक्त 'आज बावीस शब्द झाले' एवढंच जात होतं. शब्द एकही नाही. मी त्याच्या जागी असते तर काय म्हटलं असतं, ते मला लगेच आठवलं, कारण त्याने ते म्हटलंच होतं.

"हे तू आम्हाला सांगितलं नव्हतंस," मी म्हणाले.

"सांगितलं होतं. तेव्हा मामा माझ्याशी भांडत होते आणि तू उठून गेलीस."

भाऊ मघापासून खुशीत होता. चूक माझी निघाली म्हणून त्याने खुर्चीत ऐसपैस मांडी घातली होती. "अन् माहे विभाग?" त्याने विचारलं. "ते बी अ‍ॅड नाही झाले, इतकंच ना?"

"मामा, तुमचे फोल्डर रिकामे आहेत."

"हो. अजून शब्द आले नाहीत ना."

"रिकामा फोल्डर तो घेतच नाही. अ‍ॅड केलं तरी नाही. तो फक्त फाइली ओळखतो. आत काही असलं तरच फोल्डर असतो, नाहीतर त्याच्या लेखी तो नाहीच."

भावाने मांडी सोडली. मी त्याला आयुष्यात फार कमी वेळा इतकं दुखावलेलं पाहिलं आहे. तो पडद्याजवळ गेला आणि भाचीला म्हणाला, "अशी कशी पद्धत व ही? लायब्ररीत पयले रॅक येते. मंग पुस्तक येते. रॅकच नाही म्हटलं त पुस्तक ठेवाचं कोठी?"

"सगळे लोक एक युक्ती करतात मामा. प्रत्येक फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल टाकून ठेवायची. नावापुरती. मग तो घेतो."

"म्हंजे रॅक भरली दिसावी म्हणून खोटं पुस्तक ठेवाचं?"

"तसंच काहीसं."

"हे माह्यानं होणार नाही," तो म्हणाला, आणि कितीतरी वेळ भावजय त्याला समजावत होती की ती फाइल कोणी वाचायला नेणार नाही.

तो वाद चालू असताना मी मुलीच्या सांगण्यावरून माझं काम उरकलं. एकेक फाइल द्यायची तर वेळ लागला असता. मी विचारलं, सगळ्या एकदम देता येतात का? ती म्हणाली, येतात, नावाच्या जागी नुसतं एक टिंब द्यायचं, फोल्डरात जे जे असेल ते सगळं जातं. मी टिंब दिलं. काम पक्कं केलं. पाठवलं. भावाने लगेच त्याच्याकडे ओढून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्या फाइली त्याच्या पडद्यावर उतरल्या. तो हरखला. "भेदरं हायेत का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, हायेत, परत लिहिली.

भावजयीने कढीगोळे केले होते. भाऊ म्हणाला, तुमी बसा, मी हे उलसक वाचतो. आम्ही दोघी जेवायला बसलो. दुसरा गोळा कढीत मोडत असताना माझा हात थांबला.

फोल्डरात जे जे असेल ते सगळं.

मी उष्ट्या हाताने उठले आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन डाव्या हाताने मुलीला फोन लावला. तोंडावर पदर धरून विचारलं, "एक फाइल चुकून गेली. परत काढता येते का?"

"येते. डिलीट करून परत पाठव."

"मग ती गेली म्हणायची?"

"वरून गेली. पण जुन्या नोंदींमध्ये राहते. जुनं काही हरवत नाही, तेच तर त्याचं काम आहे. काय आहे त्यात?"

"काही नाही. तुझ्या मामाबद्दलचं थोडं आहे."

बाहेरच्या खोलीत काही आवाज नव्हता. मी हात धुऊन गेले. भाऊ टेबलाशी बसला होता, लॅपटॉप मिटलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "जेवण झालं का व बाई?" एवढंच विचारलं. मग स्वतः जेवला, दोन गोळे खाल्ले, दुपारी मला स्कूटरवर बस स्टँडला सोडलं. खिडकीची जागा पाहून दिली. बस निघेपर्यंत खाली उभा राहिला. मी म्हणाले, "भाऊ, ते पत्र पाठवाचं नव्हतं." तो म्हणाला, "पोचल्यावर फोन कर."

मी पोचल्यावर फोन केला तो भावजयीने घेतला.

तीन दिवस त्याच्याकडून काही आलं नाही. रोजनिशीसुद्धा नाही. मी रोज सकाळी चहाच्या आधी ओढून पाहायची. चौथ्या दिवशी एकदम धबधबा आला. पडद्यावर ओळींमागून ओळी. त्याचे सदतीसच्या सदतीस विभाग उतरले होते. नावापुरती रिकामी फाइल त्याने कुठेच टाकली नव्हती. त्याऐवजी प्रत्येक विभागात त्याने स्वतः एकेक शब्द लिहिला होता. अर्थ, वापर, कुठे ऐकला, कोणाच्या तोंडून. ज्या माणसाला मी आयुष्यभर कोऱ्या वह्यांवरून टोचत आले, त्याने तीन दिवसांत सदतीस नोंदी लिहिल्या होत्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. टोंगळा म्हणजे गुडघा, एवढं मी लिहिलं असतं. त्याने लिहिलं होतं की वडील शेतातून आल्यावर आधी टोंगळ्यावर हात ठेवून बसायचे आणि मगच पाणी मागायचे.

अडतिसावा एक नवीन विभाग होता. नाव, 'बाईचे शब्द'. मी घाबरतच उघडला. आत माझं पत्र होतं, अख्खं, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केलेलं. शेजारी एक फाइल. पत्रातले वऱ्हाडी शब्द त्याने वेचून काढले होते आणि रीतसर नोंदी केल्या होत्या.

'हेकोडा. वाकडा, हट्टी. उदाहरण, "माझ्यासारखा हेकोडा भाऊ कोणाला मिळू नये, असा तू आहेस." टीप, वाक्यरचना सदोष.'

'बयताड. वेडगळ. उदाहरण, "बयताडासारखे विभाग करत बसतोस." टीप, प्रेमानेही वापरतात. येथे तसे दिसत नाही.'

मी हसत हसत खाली येत होते. शेवटची नोंद आली.

'उशागती. उशाजवळ, डोक्याशी. उदाहरण, "मायच्या उशागती तू एक दिवस बसला नाहीस." टीप, उदाहरण खरे आहे. मला भीती वाटत होती.'

चहा निवला. मग मुलीला फोन केला. तिने आपणहूनच सांगितलं की तिने विचारपूस केली आहे, जुन्या नोंदींमधूनसुद्धा एखादी फाइल समूळ काढायची सोय असते, थोडं किचकट आहे, पण ती रविवारी करून देईल.

"राहू दे," मी म्हणाले.

"नक्की? कोणीही पाहील आई, पुढे कधीही."

"पाहू दे. मामानं चुका दुरुस्त केल्या आहेत."

मी त्या दिवशी माझ्या रोजनिशीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी त्याच्या उशागतीच्या नोंदीत, त्याच्या टिपेखाली, एक ओळ घातली. 'मलाही वाटत होती. मी बसले, कारण उठून जायला कारण सापडलं नाही.' पक्कं केलं, पाठवलं. फाइल आधीचीच होती, त्यामुळे अ‍ॅड करायची गरज नव्हती. एवढं मला आता कळतं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी विचारलं, पोचलं का? तो म्हणाला, पोचलं.

सध्या आमचं काम बरं चाललं आहे. लाल आकडे दिसले की मी आता विचारते, कोण राहिलं? टिंब देऊन सगळं एकदम पाठवायचं मी सोडून दिलं आहे, एकेक फाइल नाव घेऊन देते. भाऊ आता नवा विभाग करायच्या आधी आत ठेवायला एक शब्द शोधतो आणि तो मिळेपर्यंत विभाग करत नाही, त्यामुळे त्याचा वेग मंदावला आहे. त्याचं त्याला वाईट वाटतं. परवा त्याचा फोन आला की थोडंसं या अर्थाचे 'उलसक' आणि 'उलीसं' हे दोन वेगळे शब्द धरायचे की एकाच शब्दाची दोन रूपं. मी म्हटलं, एकच. तो म्हणाला, दोन. अकोल्याकडे उलीसं म्हणजे उलसकपेक्षाही कमी. मी म्हटलं, कमीपेक्षा कमी म्हणजे किती? पाऊण तास भांडलो. मग भावजयीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि मला ऐकू येईल असं त्याला सांगितलं की भाजीत मीठ उलसक कमी होतं आणि ते पाहायला सुद्धा कोणी आलेलं नाही, तेव्हा तो शब्द तिने वापरला आहे, आता लिहून घ्या आणि जेवायला या.